मेमरी पॅलेस: आधी घर, मग चित्रं, आकडे सगळ्यांत शेवटी

"मेमरी पॅलेस करून पाहिला, मला नाही जमत," असं कुणी म्हणालं की मी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या घरातला सातवा थांबा कोणता? समोरचा माणूस छताकडे बघायला लागतो, बोटं मोजतो, "बहुतेक फ्रिज... नाही, थांबा..." म्हणतो. गाडी तिथेच रुळावरून घसरलेली असते. थांबे ठरलेलेच नसतात आणि त्यांच्यावर पन्नास शब्द चढवायला घेतलेले असतात.

पद्धत सोपी आहे. ओळखीच्या जागेत मनाने फेरी मारायची, ठरलेल्या प्रत्येक थांब्यावर एकेक चित्र ठेवायचं आणि हवं तेव्हा त्याच वाटेने फिरून ती चित्रं गोळा करायची. चुकतो तो बहुधा पायऱ्यांचा क्रम. म्हणून खाली क्रमानेच लिहिलं आहे. एखादी पायरी गाळून पुढे गेलात तर दोन आठवड्यांनी परत तिथेच यावं लागेल.

## स्कॅनरमध्ये काय दिसलं

मेंदूबद्दल थोडं आधी सांगतो, कारण पुढच्या सूचना त्यातूनच आल्या आहेत.

2003 साली लंडनमध्ये एलिनॉर मग्वायर आणि सहकाऱ्यांनी असामान्य स्मरणशक्तीचे 10 जण आणि साधे 10 जण एफएमआरआय स्कॅनरमध्ये (काम करताना मेंदूचा कोणता भाग चालतो ते दाखवणारं यंत्र) झोपवले. त्यांना तीन-तीन आकडी संख्या, माणसांचे चेहरे आणि मोठे करून दाखवलेले हिमकण लक्षात ठेवायला दिले. पहिल्या गटातले बरेचसे जागतिक स्मरणशक्ती स्पर्धेतले होते. बुद्धिमत्तेच्या चाचण्यांमध्ये दोन्ही गट सारखेच निघाले आणि मेंदूच्या रचनेतही फरक सापडला नाही. फरक होता तो काम करताना मेंदूचा कोणता भाग जागा होतो यात. स्मरणपटूंचा उजव्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग, रेट्रोस्प्लेनियल कॉर्टेक्स आणि पार्श्व खंडाची आतली बाजू जास्त कामाला लागलेली दिसली. हे भाग एरवी आपल्याला वाट दाखवतात: मी कुठे आहे, वळल्यावर समोर काय येईल, घर कोणत्या बाजूला. चौकशी केली तेव्हा 10 पैकी 9 जणांनी जागांची पद्धत, म्हणजे हाच मेमरी पॅलेस, वापरत असल्याचं सांगितलं. संख्यांमध्ये ते इतरांच्या खूप पुढे होते, हिमकणांमध्ये मात्र साध्या माणसांइतकेच. हिमकणाचं काही चित्र होईना, तर तो कुठे ठेवणार?

दुसरा अभ्यास 2017 चा, नेदरलँड्समधल्या नायमेखेनचा. मार्टिन ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी नवख्या लोकांना सहा आठवडे, रोज अर्धा तास हीच पद्धत शिकवली. सुरुवातीला 72 शब्दांच्या यादीतले त्यांना साधारण 26 ते 30 आठवायचे. प्रशिक्षणानंतर त्यात सरासरी 35 शब्दांची भर पडली. चार महिन्यांनी, मधल्या काळात सराव नसतानाही, पहिल्यापेक्षा 20 हून जास्त शब्द आठवत होते. आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधल्या जोडण्यांचा नमुना स्मरणपटूंच्या नमुन्याकडे सरकला होता. ज्यांना तितकाच वेळ नुसता अल्पकालीन स्मृतीचा व्यायाम दिला होता, त्यांच्यात असं काही झालं नाही.

हे दोन्ही अभ्यास मेंदूच्या कामाबद्दल आहेत. लहानपणापासून वेदपाठ केलेल्या पंडितांवरचा 2016 चा जो अभ्यास हल्ली सर्रास फिरवला जातो, तो मेंदूच्या रचनेबद्दल आहे. त्या मंडळींची पद्धत ध्वनी आणि पाठांतराच्या क्रमाची, तिच्यात घर नाही की थांबे नाहीत. दोन्ही एकाच पातेल्यात ढवळू नका.

## 1. आजची पातळी मोजा

घरातल्या कुणाला तरी 20 नामं एकाखाली एक लिहून द्यायला सांगा. स्वतः लिहू नका, लिहितानाच निम्मी पाठ होतात. यादी पाच मिनिटं बघा आणि वही मिटा. वीस मिनिटं दुसरं काहीही करा: भाजी निवडा, फोन करा. मग शब्द क्रमाने लिहून काढा. बरोबर शब्द किती आणि बरोबर जागी किती, हे दोन आकडे तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवा.

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि तीन आठवड्यांनी "फरक पडला की नाही कळत नाही" म्हणतात.

## 2. घर निवडा आणि थांबे ठरवा

पहिलं घर राहतं असावं किंवा लहानपणाचं. भव्य वाडा, राजवाडा, कुठल्या गेममधला किल्ला नको. जिथे रात्री दिवे गेले तरी तुम्ही मेणबत्तीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत पोचता, ते घर निवडा.

आता खरोखर उठून दारापासून चाला. एकाच दिशेने, भिंतीला डावा हात लावल्यासारखं, आणि दहा थांबे वहीत लिहा. नमुन्यासाठी माझे:

1 दाराबाहेरचं पायपुसणं, 2 चपलांचं कपाट, 3 दारामागची खुंटी, 4 सोफ्याचा हात, 5 टीव्ही, 6 खिडकीची जाळी, 7 देवघर, 8 फ्रिज, 9 गॅसची शेगडी, 10 सिंक.

थांबा निवडताना चार गोष्टी पाहा.

थांबा जागचा हलता कामा नये. माझी पहिली वाट घरातली नव्हती, सोसायटीच्या पार्किंगमधली होती. पाच थांबे म्हणजे पाच स्कूटर. आठवडाभर झकास चाललं. मग एका शेजाऱ्याने गाडी विकली, दुसऱ्याने जागा बदलली, आणि रोज जाता-येता डोळ्यांना दिसणारं पार्किंग मनातल्या पार्किंगशी भांडायला लागलं. ती वाट मोडीत काढली.

दोन थांबे एकमेकांसारखे नसावेत. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या हे चार थांबे होत नाहीत. ऑफिसचा कॉरिडॉर तर विसराच, सगळी दारं सारखी.

दोन थांब्यांमध्ये निदान हातभर अंतर ठेवा. टीव्ही आणि टीव्हीवरचं घड्याळ असे लागून थांबे घेतले की एकाचं चित्र दुसऱ्यावर सांडतं.

वाट स्वतःला कापत नको. सोफा, मग फ्रिज, मग परत सोफ्याजवळची खिडकी असं केलं की घाईत एक थांबा गळतोच.

सावधान: थांबे नुसत्या आठवणीतून लिहू नका. प्रत्यक्ष उभं राहून पाहिलं की कळतं, आपण ज्याला "कोपरा" म्हणतोय तिथे काहीच नाही. रिकाम्या भिंतीवर चित्र टिकत नाही.

## 3. रिकाम्या घरात फेऱ्या मारा

पाण्याचा थेंब नसलेली पाइपलाइन आधी जोडून घ्यावी, तसं हे आहे. दोन दिवस शब्दांना हात लावायचा नाही. डोळे मिटा, दारात उभे राहा, दहा थांबे घ्या. मग उलटे, सिंकपासून पायपुसण्यापर्यंत. मग मधूनच: सातवा कोणता? तिसऱ्याच्या आधी काय येतं?

घाईच्या लोकांना ही पायरी कंटाळवाणी वाटते. पण स्मरणपटूंच्या मेंदूत जे भाग जागे झालेले दिसले ते वाटेचे होते. वाटच धूसर असेल तर तुम्ही ज्या भागाची मदत मागताय त्याला पकडायलाच काही नाही.

काहीजण म्हणतात, मला डोळ्यांसमोर चित्र दिसतच नाही. मलाही सिनेमासारखं लख्ख दिसत नाही. "फ्रिजच्या उजवीकडे ओटा आहे" हे नक्की माहीत असणं पुरतं. न बघता हात पुढे केला तर नळ कुठे लागेल हे सांगता येत असेल तर तुमचं काम होईल.

तपासणी: सुलट 20 सेकंदांत, उलट 30 सेकंदांत, आणि कुणी अचानक आकडा विचारला तर लगेच थांबा सांगता आला पाहिजे. तीनपैकी एकही अडलं तर आणखी एक दिवस इथेच.

## 4. पहिले दहा शब्द ठेवा

आता दुसऱ्याकडून दहा शब्द घ्या, सगळे हाताने धरता येणाऱ्या वस्तूंचे. समजा पहिला शब्द कात्री.

चूक अशी होते: "पायपुसण्यावर कात्री ठेवली." झालं, पुढचा शब्द. वीस मिनिटांनी पायपुसणं आठवतं, त्यावर काय होतं ते नाही. पायपुसण्यावर कात्री नुसती पडून असेल तर मेंदूने ती का जपावी?

वस्तूने थांब्याचं काहीतरी बरंवाईट केलं पाहिजे. कात्री पायपुसणं कापते आहे, काथ्याचे तुकडे उडताहेत, करकर आवाज येतोय, आणि तुम्ही अनवाणी आहात. आता पायपुसणं आठवलं की कात्री सुटत नाही, कारण पायपुसण्याची अवस्थाच तिने बदलली आहे.

प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारा. वस्तू थांब्याला चिकटली आहे का, म्हणजे ती उचलली तर थांबा बिघडतो का? डोळ्यांशिवाय आणखी एखादं इंद्रिय आहे का: वास, आवाज, गार-गरम, चिकटपणा? आणि तिथे तुम्ही स्वतः आहात का? तिसरा प्रश्न लोक विसरतात. पायाखाली काहीतरी टोचणं हे दुरून पाहण्यापेक्षा फार वरचं आहे.

चित्र विचित्रच असलं पाहिजे असा हट्ट मात्र नको. दहाच्या दहा चित्रांत स्फोट आणि राक्षस असले की दहाही सारखी होतात. एखादं साधं पण ठसठशीत चित्र जास्त टिकतं.

सुरुवातीला एका शब्दाला दहा-पंधरा सेकंद द्या. घड्याळ लावू नका. एका थांब्यावर एकच वस्तू. दोन-दोन ठेवण्याचा मोह होईल, त्याला महिनाभर दाराबाहेर उभं करा.

## 5. परत फिरा, पण यादी न बघता

इथे सगळ्यांत जास्त लोक घसरतात. शब्द ठेवले, मग यादी पुन्हा वाचली, मग पुन्हा वाचली. छान वाटतं, सगळं ओळखीचं दिसतं. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभराने घेतली तेव्हा, न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणून क्रम असा: चित्रं ठेवून झाली की यादी पालथी. लगेच एक फेरी. दहा मिनिटांनी दुसरी. रात्री झोपताना तिसरी, सकाळी चहाच्या आधी चौथी. हवं असेल तर तीन दिवसांनी आणि आठवड्याने आणखी एकेक. प्रत्येक वेळी आधी फेरी पूर्ण करायची, मग यादीशी ताडून बघायचं.

एखाद्या थांब्यावर काहीच नसेल तर तिथे तीस सेकंद उभे राहा. तरी नाहीच आलं तर पुढे चला आणि शेवटी त्या एकाच चित्राची दुरुस्ती करा. सगळी यादी नव्याने पाठ करणं म्हणजे एका गळक्या नळासाठी घरभर प्लंबिंग काढणं.

तपासणी: दुसऱ्या दिवशी सकाळी दहापैकी नऊ, क्रमाने. सलग तीन वेगवेगळ्या याद्यांना हे जमलं की थांबे वीस करा. आधी नाही.

## 6. हाताला न लागणारे शब्द

"लोकशाही", "विलंब", "प्रामाणिकपणा" यांचं चित्र काय काढणार? दोन वाटा आहेत. एक, ओळखीचा प्रतिनिधी: लोकशाहीसाठी बोटावरची शाई, विलंबासाठी फलाटावर गोणपाटावर झोपलेला माणूस. दुसरी, ध्वनी तोडणं: "विलंब"मधला "लंब" घ्या आणि वर टांगलेला ओळंबा घ्या. मी पहिली वाट आधी बघतो, दुसरी नाइलाजाने.

इथली नेहमीची चूक म्हणजे आठवताना चित्र सापडतं, पण शब्द भलताच निघतो. बोटावरची शाई दिसली आणि लिहिलं "मतदान". असं दोनदा झालं तर त्या चित्रात आणखी एक खूण घाला. शाईचं बोट संसद भवनाच्या खांबाला पुसलं की मतदान आणि लोकशाही वेगळे होतात.

## 7. आकड्यांसाठी कटपयादि

आकड्याला रंग-रूप नाही, म्हणून स्मरणपटू आधी त्याचा शब्द करतात. त्यासाठी इंग्रजीत वापरतात ती आकड्यांना व्यंजनं देणारी यादी मराठी माणसाने पाठ करायची काही गरज नाही. आपल्याकडे कटपयादि ही व्यंजनांना आकडे देणारी जुनी पद्धत आहे आणि ती वर्णमालेच्या क्रमानेच चालते:

1: क, ट, प, य
2: ख, ठ, फ, र
3: ग, ड, ब, ल
4: घ, ढ, भ, व
5: ङ, ण, म, श
6: च, त, ष
7: छ, थ, स
8: ज, द, ह
9: झ, ध, ळ
0: ञ, न आणि सुटे स्वर

काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना किंमत नाही. जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन मोजायचं. म्हणून "चष्मा" म्हणजे च आणि म: 65. "हत्ती" म्हणजे 86. "आग" म्हणजे 03, कारण सुटा आ शून्य. "आई" 00.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, दिशा. जुन्या ग्रंथांत या पद्धतीने लिहिलेले आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात, "अंकानां वामतो गतिः". आपण तसं करायचं नाही. "पाव" म्हणजे 14 आणि 14 च. मी सुरुवातीला एका जुन्या पुस्तकातून काही शब्द उचलले आणि काही स्वतः केले. निम्मे उलटे, निम्मे सुलटे. एक फोन नंबर आठवडाभर चुकीच्या माणसाला लागत होता.

दुसरं, लिहिण्याप्रमाणे मोजा, उच्चाराप्रमाणे नाही. "फूल" बोलताना ल पायमोडका ऐकू येतो म्हणून तो सोडून देऊ नका. फ आणि ल: 23.

तिसरं, आकडा मराठीत बोलून बघू नका. एकोणसाठ की एकोणसत्तर, या गोंधळात आपण आधीच भरपूर अडकतो. "पाच नऊ" म्हणा आणि थेट "शेळी" बघा.

00 ते 99 असे शंभर शब्द एकदा ठरवून वहीत लिहा आणि त्यानंतर बदलू नका. रोज दहा केले तर दहा दिवस. दोन शब्द सारखे दिसत असतील तर एक बदला. 19 ला "पोळी" सुचते आणि "केळं"ही. तुमच्या यादीत डोसा, पुरी, पोळी अशी गर्दी झाली असेल तर केळं घ्या.

तपासणी: आकडा दिसल्यापासून दोन सेकंदांत शब्द यायला हवा. व्यंजनं जुळवत बसावं लागत असेल तर अजून घरात शिरू नका.

## 8. वीस आकडे घरात ठेवून बघा

पायची (गणितातला π) पहिली वीस दशांशस्थळं घेऊ. 3 नंतर: 14 15 92 65 35 89 79 32 38 46. कटपयादिने: पाव, पाणी, धूर, चष्मा, लोणी, दूध, थाळी, बोर, गहू, भात. वर्तुळाच्या परिघात पूर्ण स्वयंपाक निघाला, आणि अडचण नेमकी तीच आहे: पदार्थ एकमेकांत मिसळतात. म्हणून इथे क्रिया जोरकस हवी.

पायपुसण्यावर पाय ठेवताच ते लुसलुशीत दबतं, खालून गरम लादीपावाची वाफ येते. (पायची सुरुवात पायपुसण्यावर, हे फुकटात मिळालं.) चपलांचं कपाट उघडलं तर पाण्याचा लोंढा, चपला तरंगत बाहेर. खुंटीवरच्या रेनकोटच्या बाहीतून धूर, डोळे चुरचुरतात. सोफ्याच्या हातावर बसलात आणि आजोबांचा चष्मा कडकन मोडला. टीव्हीच्या काचेला आतून लोणी फासलंय, बातम्या देणारी बाई ते बोटाने पुसते आहे. खिडकीच्या जाळीतून दूध उतू जातंय, करपल्याचा वास. देवघरात थाळी गरगर फिरतेय, तो जमिनीवर थाळी पडल्यावरचा आवाज. फ्रिज उघडला की बोरं घरभर, पायाखाली बियांसकट. शेगडीतून ज्वाळेऐवजी गहू उडतायत, गालाला लागतात. सिंक भाताने तुंबलंय आणि कोपरापर्यंत हात घालायचा आहे, गिळगिळीत.

आता वही मिटा आणि दारापासून चाला. पाव: 1, 4. पाणी: 1, 5...

सिंकपासून उलटे चालून आकडे उलटे म्हणता येतात, फक्त प्रत्येक जोडीही आतून उलटवायला लागते: भात म्हणजे 6, 4. हे जमलं की समजा चित्रं थांब्यांना खरी चिकटली आहेत. नुसत्या लयीवर पाठ झालेला माणूस उलट्या वाटेवर पहिल्याच वळणाला अडकतो.

पायच्या विक्रमांकडे बघून घाबरू नका. 2015 साली राजवीर मीणा यांनी वेल्लोरमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून 70,000 दशांशस्थळं म्हटली, त्याला सुमारे दहा तास लागले. तुम्हाला विजेच्या बिलाचा ग्राहक क्रमांक लक्षात ठेवायचा आहे.

## 9. घरं वाढवा, भुतं घालवा

त्याच घरात सकाळी एक यादी आणि संध्याकाळी दुसरी ठेवली की फ्रिजमधून बोरंही येतात आणि नवा शब्दही. स्पर्धेतले लोक यांना भुतं म्हणतात. त्यावर मंत्र नाही, फक्त वेळ आणि जास्त घरं. सरावासाठी निदान तीन वाटा ठेवा: आपलं घर, आजोळ, शाळेचा रस्ता. एक वापरली की तिला दोन-तीन दिवस विश्रांती. कायमची लक्षात ठेवायची गोष्ट असेल तर तिला स्वतंत्र वाट द्या आणि तिथे दुसरं काही कधीच ठेवू नका.

वेग याच टप्प्यावर. आठवड्याला शब्दामागे एक-दोन सेकंद कमी करा. चुका दहात दोनहून जास्त झाल्या की परत मागच्या वेगावर.

काही आठवड्यांनी एक विचित्र गोष्ट होते: चित्रं पूर्वीइतकी रंगतदार राहत नाहीत, पण आठवतं मात्र सगळं. लोक घाबरतात, "माझी कल्पनाशक्ती आटली." तसं नसतं. 2021 साली, ड्रेसलर यांच्या त्याच प्रशिक्षणातल्या लोकांवरच्या मोजणीतून वेगळंच दिसलं. प्रशिक्षणानंतर शिकताना मेंदूच्या पुढच्या बाजूच्या काही भागांत आणि जागांशी संबंधित भागांतही हालचाल कमी झाली होती. सायकल शिकताना हँडल घट्ट धरतो आणि नंतर सोडून देतो, तसंच काहीसं. मेंदू "जास्त पेटवण्याच्या" जाहिरातींवर पैसे खर्च करू नका.

## 10. कशाला वापरायचं आणि कशाला नाही

क्रम असलेल्या आणि सुट्या गोष्टींसाठी ही पद्धत उत्तम: भाषणाचे मुद्दे, खरेदीची यादी, नावं, कलमं. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना एक सोय सांगतो. राज्यघटनेच्या कलमांना घरच लागत नाही, आकड्याचा शब्द हीच खुंटी. कलम 14, समानता: पाव मधोमध सारखा कापा. कलम 21, जीविताचा हक्क: 21 म्हणजे "रोप". कलम 24, कारखान्यात बालकांना कामाला बंदी: कारखान्यात एक पोरगं रवा चाळतंय. कलम 32, हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालय: बोरांची टोपली घेऊन शबरी न्यायाधीशांसमोर. कलमाचा पूर्ण मजकूर मात्र वाचूनच समजून घ्यावा लागतो, बोराला ते कळत नाही.

पाढे, श्लोक, कविता जागांमध्ये कोंबू नका. त्यांना लय आहे, ती त्यांना पुरते. फार तर प्रत्येक श्लोकाचा पहिला शब्द थांब्यावर ठेवा, म्हणजे पुढचा श्लोक कोणता हे चुकणार नाही.

आणि किल्ल्या कुठे ठेवल्या ते यामुळे आठवणार नाही. अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने 1980 च्या सुमारास सुमारे 230 तासांच्या सरावाने ऐकलेले 79 आकडे क्रमाने म्हणण्यापर्यंत मजल मारली. सुरुवात सातापासून होती. आकड्यांऐवजी अक्षरं दिली तर तो पुन्हा सहाच्या आसपास. सराव ज्या कामाचा, कसबही त्याच कामाचं. किल्लीसाठी दारामागची खुंटीच वापरा, खरी.

## सहा आठवड्यांनी

पहिल्या पानावरची परीक्षा पुन्हा द्या: दुसऱ्याने लिहिलेले नवे 20 शब्द, पाच मिनिटं, वीस मिनिटांची सुट्टी, मग क्रमाने. चारपाच दिवस न वापरलेली वाट घ्या, नाहीतर गुण कमी पडल्यावर भुतं होती की सराव कमी होता हे कळणार नाही. आकडे वाढले नसतील तर पद्धत बदलायच्या आधी तिसऱ्या पायरीची तपासणी करा. सातवा थांबा कोणता?